पलंग क्रमांक एक

चुका काढणं हा माझा धंदा. बायको असती तर म्हणाली असती की धंदा नव्हे, स्वभाव. पण मी लग्नच केलं नाही, त्यामुळे हे म्हणायचं काम माझ्या थोरल्या बहिणीने, ताईने, आयुष्यभर इमानेइतबारे केलं. बावीस वर्षं मी एका छापखान्यात प्रूफं तपासली. शाळेची पुस्तकं, टेलिफोन डिरेक्टऱ्या, औषधाच्या खोक्यात असते ती बारीक अक्षरांची घडी. पुढे छापखाना बंद पडला. मालकाने निरोपाच्या दिवशी आभाराचं पत्र दिलं, त्यात दोन चुका होत्या. मी त्या दुरुस्त केल्या आणि पत्र त्याला परत दिलं. सगळे हसले. मी विनोद केलाच नव्हता.

पन्नाशीच्या प्रूफवाल्याला कोण विचारतं? मला एका पडताळणी कंपनीने विचारलं. तिथलं काम सोपं होतं. नोकरीसाठी अर्ज केलेल्या माणसाने गेल्या दहा वर्षांत सोशल मीडियावर काय लिहिलं, कुठले फोटो टाकले, कुणाला काय उत्तर दिलं, ते सगळं मशीन गोळा करायचं आणि आम्ही ते वाचायचं. जिथे खटकेल तिथे माउसने लाल चौकट ओढायची आणि बाजूच्या यादीतून एक कारण निवडायचं. भाषा, व्यसन, राजकारण, हिंसा, मालकाची निंदा. शेवटी शेरा द्यायचा. हिरवा म्हणजे घ्या, पिवळा म्हणजे विचारून घ्या, लाल म्हणजे नको. दिवसाला अकरा माणसं.

काम मला आवडलं, हे कबूल केलंच पाहिजे. दुसऱ्याच्या चुका दिवसभर बसून काढायच्या आणि वर पगार घ्यायचा, आणखी काय हवं? एका स्वयंपाक्याच्या फोटोत त्याच्या हातात ग्लास होता. चौकट. आत सरबत असेलही, पण आमच्या यादीत सरबत नव्हतं. मोटार चालवायला शिकवणारा एक जण दर सोमवारी लिहायचा की आज गाडीत बसायचीसुद्धा इच्छा नाही. मी त्याच्या चाळीस सोमवारांना चौकटी घातल्या. एका बालवाडीच्या बाईंनी नवऱ्याला जाहीर शिवी दिली होती, ती नवऱ्याला शोभतही असेल, तरी चौकट. या लोकांचं पुढे काय झालं ते आम्हाला कुणी सांगत नसे. मीही कधी विचारलं नाही.

आमच्या मुख्य बाईंना सगळे मागून 'मोजपट्टी' म्हणायचे. त्यांच्या टेबलावर खरोखरच एक लाकडी पट्टी होती आणि ती कागदावर ठेवून त्या एकेक ओळ वाचायच्या. बाई कडक होत्या, पण वाकड्या नव्हत्या. मी छापखान्यातून आलोय हे कळल्यावर त्या कचेरीतलं प्रत्येक पत्रक भिंतीवर लावण्याआधी माझ्याकडे पाठवू लागल्या. मी लाल शाईने चुका काढायचो, खाली सही करायचो आणि परत द्यायचो. पत्रक कशाबद्दल होतं हे मला कुणी तासाभराने विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. प्रूफ वाचणारा अक्षरं वाचतो, मजकुरात गुंतला की चुका निसटतात. ही सवय मी अभिमानाने सांगत असे.

ताईला एकच मुलगी. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून नाव पडलं बारकी. आता ती माझ्यापेक्षा चार बोटं उंच आहे, तरी बारकीच. बाप लवकर गेला. ताईने बसस्थानकावर भोंग्यातून घोषणा देण्याच्या नोकरीवर तिला वाढवलं. अमुक क्रमांकाची गाडी तमुक फलाटावर लागली आहे, प्रवाशांनी लक्ष द्यावं. तीस वर्षं ताईचा आवाज त्या स्थानकात घुमत होता. अनोळखी माणसंसुद्धा दुकानात तिने साबण मागितला की वळून बघायची.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी ताईला अर्धांगाचा झटका आला. बारकीने अँब्युलन्सला फोन केला आणि अँब्युलन्स पन्नास मिनिटांनी आली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर फरक पडला असता. ताईचा डावा हात आणि पाय गेले, अर्धा आवाजही गेला. ती पुढे चौदा महिने पलंगावर होती.

पण ताई ती ताईच. हॉस्पिटलमधून घरी आली त्याच्या दुसऱ्या आठवड्यात तिने पलंगावरून घोषणा द्यायला सुरुवात केली. 'प्रवाशांनी लक्ष द्यावं. पलंग क्रमांक एकवरून सुटणारी डाव्या पायाची गाडी आजही रद्द करण्यात आली आहे. गैरसोयीबद्दल आम्हाला अजिबात खेद नाही.' शब्द जड यायचे, अर्धे ओठातच राहायचे, पण चाल तीच, स्थानकावरची. बारकी सकाळी कामाला निघण्याआधी फोनवर ते टिपायची आणि आपल्या अकाउंटवर टाकायची. कधी पेजेची गाडी उशिरा यायची, कधी डॉक्टरांची गाडी न थांबता पुढे निघून जायची. पाहणारे असतील साठ-सत्तर जण. ताई रोज विचारायची, आज किती प्रवासी?

सगळ्यात पहिल्या क्लिपखाली बारकीने स्वतः एक ओळ लिहिली होती. 'त्या दिवशी फोनवर बसलेली बाई मला भेटली तर मी तिचा गळा धरेन.'

ताई गेल्यावर बारकी दोन महिने घरातून बाहेर पडली नाही. आणि मग एक दिवस तिने त्याच ठिकाणी नोकरी धरली, अँब्युलन्सच्या फोनखोलीत. मी तिला म्हणालो की हे म्हणजे जखमेवर मीठ चोळून घेणं झालं. ती म्हणाली, त्या खुर्चीत कुणीतरी नीट बसायला हवं ना. अडीच वर्षं ती तिथे टेम्पररी होती. कानाला हेडफोन, समोर नकाशा, आठ तास लोकांच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट क्षण ऐकायचा आणि आवाज न चढवता पत्ता विचारायचा. ती कामात चांगली होती. मी मामा म्हणून सांगत नाही, तिच्या वरिष्ठांनी तसं लेखी दिलं होतं.

या वर्षी तिथे चार जागा कायम झाल्या. ज्यांची निवड होईल ते राहतील, बाकीच्या टेम्पररींना वर्षअखेर घरी जावं लागेल, असं आधीच सांगण्यात आलं होतं. बारकीने अर्ज भरला आणि दोन दिवसांनी मला घरी बोलावून ते सांगितलं. अर्जदारांची पडताळणी आमच्याच कंपनीकडे आहे हे मला ठाऊक होतं. मी तिला पेढ्याऐवजी सल्ला दिला.

रविवारची सकाळ होती. ती रात्रपाळी करून आली होती, डोळे लाल. मी म्हटलं, अकाउंट उघड आणि ताईच्या सगळ्या पोस्टी काढून टाक. का म्हणून, तिने विचारलं. मी समजावून सांगितलं. पहिल्याच पोस्टीत गळा धरायची भाषा आहे, तीही ज्या खात्यात नोकरी मागतेस त्याच खात्याच्या माणसाबद्दल. वर पुढे शेकडो दिवस आजारपणाचं गाऱ्हाणं. माझ्या टेबलावर अशी फाइल आली असती तर मी डोळे मिटून लाल दिला असता. झाकली मूठ सव्वा लाखाची, बारके.

"ती ओळ मी मुद्दाम ठेवली आहे, मामा," ती म्हणाली.

मग तिने मला जे सांगितलं ते तोवर कुणालाच सांगितलेलं नव्हतं. फोनखोलीत आलेला प्रत्येक कॉल रेकॉर्ड होतो आणि तो कधीच पुसला जात नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकीला वरिष्ठांसमोर बसून स्वतःचा सगळ्यात वाईट कॉल ऐकावा लागतो. चूक केली तर चालतं, पुसायला गेलात तर त्याच दिवशी घरी. शिकाऊ असताना बारकीने तारीख सांगून आपला जुना कॉल मागून घेतला आणि ऐकला. घाबरलेल्या बारकीने त्या सकाळी जुन्या घराचा पत्ता सांगितला होता. घर बदलून त्यांना चार महिने झाले होते. फोनवरच्या बाईने तोच पत्ता दोनदा वाचून दाखवला होता आणि बारकी दोन्ही वेळा हो म्हणाली होती. अँब्युलन्स वेळेवर गेली होती, जुन्या घरी.

ती बाई आता बारकीच्या शेजारच्या खुर्चीत बसते. बारकीला काम तिनेच शिकवलं.

"मी काय लिहिलं होतं ते मला रोज दिसायला हवं," बारकी म्हणाली. "म्हणून ठेवलंय."

हे ऐकून दुसरा कुणीही माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो की हे सगळं इंटरव्ह्यूत सांग, फाइलमध्ये कशाला? छापायला जाण्याआधी खोडलेली चूक ही चूकच नसते, बावीस वर्षांचा अनुभव सांगतो. ती म्हणाली की आमच्याकडे पुसणं हाच सगळ्यात मोठा गुन्हा आहे. मी हसलो. अगं, ते सरकारी कॉल, हे घरचं. तू काय स्वतःला रेकॉर्डिंगची पेटी समजतेस?

तिने आणखी थोडा वेळ काढला. क्लिपा आधी उतरवून घेते म्हणाली. जुन्या फोनवर काढल्या होत्या, त्यात असतील, असं तीच म्हणाली आणि खणातला तो बंद पडलेला फोन मला दाखवला. मग झालंच तर, मी म्हणालो. फाइल कधीही उघडेल. शेवटी तिने हातातला फोन माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, माझ्याने होणार नाही, तूच कर. ती आत जाऊन भांडी घासत बसली. नळ बराच वेळ चालू होता.

मी एकेक करून दोनशे चौदा क्लिपा काढल्या. एकही राहू दिली नाही. काढलेलं सामान महिनाभर एका कोपऱ्यात पडून राहतं हे मला कामामुळे माहीत होतं, तोही कोपरा झाडून स्वच्छ केला. काम अर्धवट सोडायची मला सवय नाही.

अठराव्या दिवशी फाइल माझ्याच टेबलावर आली. नातेवाइकाची फाइल आली तर कळवायचं असा नियम होता, पण नाव बारकीचं, आडनाव तिच्या बापाचं. मामा कागदावर कुठेच नसतो. आपल्याच हातून हिरवा शेरा जाईल म्हणून मला बरंच वाटलं. मी खुर्ची पुढे ओढली.

फाइलच्या माथ्यावर एक नवीन रकाना होता. पहिली नक्कल, अर्जाच्या दिवशी. दुसरी नक्कल, सोळा दिवसांनी. दोन्हींतला फरक, दोनशे चौदा. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं, 'उमेदवाराने अर्जानंतर मजकूर काढून टाकला.' आणि त्याखाली ताई. दोनशे चौदा वेळा ताई, उशीला टेकलेली, तोंड वाकडं, डोळा मिचकावलेला. क्लिपा नव्हत्या, प्रत्येकीतलं एकेक चित्र होतं आणि मशीनने ऐकून टाइप केलेलं तिचं बोलणं. पहिल्या चित्राखालच्या बारकीच्या ओळीला मशीनने आपणहून चौकट घातली होती. कारण, हिंसा.

ही दोन नकलांची भानगड कधी सुरू झाली ते मला कळेना. शेजारच्या टेबलावर विचारलं तर तो म्हणाला, गेल्या महिन्यात पत्रक निघालं की, भिंतीवर लावलंय. मी उठून भिंतीशी गेलो. पत्रक होतं. अर्ज दाखल होताच पहिली नक्कल घेतली जाईल, दोन्ही नकला ताडून पाहिल्या जातील, काढलेला मजकूर ही लपवाछपवी धरली जाईल. सगळं स्पष्ट लिहिलं होतं आणि एकही चूक नव्हती. असणार कशी? मीच तपासलं होतं.

जागेवर येऊन मी सगळ्या दोनशे चौदा नोंदी वाचल्या. बाकीच्या दहा माणसांना त्या दिवशी हात लावला नाही. प्रत्येक ओळीवरून डोळे फिरवत गेलो, कुठे आणखी काही खटकण्याजोगं आहे का, कुणा डॉक्टरला काही म्हणाली आहे का, सरकारला काही म्हणाली आहे का. नव्हतं काही. चार वाजता शेवटच्या नोंदीपर्यंत पोचलो आणि हुश्श केलं.

मग शेऱ्याच्या रकान्यात मी पिवळा निवडला आणि खाली लिहिलं, 'काढलेला मजकूर उमेदवाराच्या दिवंगत आईविषयी आहे. तो उमेदवाराने स्वतःहून काढलेला नसून घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या आग्रहामुळे काढला आहे.' बावीस वर्षांत मूळ प्रतीत नसलेलं एक अक्षर मी कधी पदरचं घातलं नव्हतं. त्या दिवशी दोन वाक्यं घातली. मला वाटलं, मी फार मोठं धाडस करतोय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजपट्टीबाईंनी बोलावलं. फाइलचा कागद समोर होता आणि पट्टी बरोबर त्या दुसऱ्या वाक्याखाली. त्यांनी विचारलं की हे फाइलमध्ये कुठे आहे. मी म्हटलं, अंदाज आहे. त्या म्हणाल्या की अंदाज लिहिणारे तुम्ही नाही. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगितलं की माणसं विरघळतात असं कुठेतरी वाटत होतं. मी सांगून टाकलं. ती माझी भाची आहे, तिला हे करायचं नव्हतं, मी करायला लावलं, माझ्या या हातांनी केलं.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी खणातून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. त्याच पत्रकाची कच्ची प्रत. तीन ठिकाणी माझी लाल शाई, खाली माझी सही.

"वाचलं नव्हतंत?" त्यांनी विचारलं.

"तपासलं होतं," मी म्हणालो.

त्यांनी पट्टी उचलून बाजूला ठेवली. "आईच्या पोस्टी होत्या, मुलीने दुःखात काढल्या असतील, एवढं म्हणून मी पिवळा जाऊ दिला असता. तुम्ही ते दुसरं वाक्य लिहायला नको होतं. आणि आत्ता जे सांगितलंत ते तर मुळीच सांगायला नको होतं. आता उमेदवाराला आतून माहिती मिळाली असं मला लिहावं लागेल. त्याला लालशिवाय दुसरा शेरा नाही."

मी विनवण्या केल्या. मला काढा, पण तिचं नाव राहू द्या, म्हणालो. त्या म्हणाल्या की तुम्हाला तर काढावंच लागेल, त्यात तुमचे काही उपकार नाहीत. बाईंचे डोळे कोरडे नव्हते, हेही सांगायला हवं. पण त्यांनी लाल दिला. दुपारी माझं ओळखपत्र दारातल्या पहारेकऱ्याने काढून घेतलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ ही म्हण मी शाळेच्या पुस्तकांत निदान दहा वेळा तपासली असेल. तिचा अर्थ घरी जाताना कळला.

बारकीला मी त्याच संध्याकाळी सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. फक्त म्हणाली, बघू. आपलं काम लोकांनी पाहिलंय, असं तिला वाटत होतं.

तीन आठवड्यांनी तिला निवड समितीपुढे बोलावलं. समितीच्या प्रमुख म्हणजे फोनखोलीतून निवृत्त झालेल्या एक म्हाताऱ्या बाई, तीस वर्षं त्याच खुर्च्यांत बसलेल्या. त्यांनी बारकीला बसवलं, पाणी दिलं. त्या काय बोलल्या ते बारकीने मला एकदाच सांगितलं, शब्द न बदलता.

"गळ्याची ओळ आम्ही वाचली. त्याबद्दल तुला विचारलं असतं आणि तू काहीतरी सांगितलं असतंस. इथल्या निम्म्या मुली असंच काहीतरी भोगून आल्या आहेत. पण नोकरीसाठी तू झालेली गोष्ट पुसलीस, बाळ. उद्या एखादा कॉल चुकला तर तू काय करशील, याचं उत्तर आता माझ्याकडे लेखी आहे."

बारकीने त्यांना आपल्या जुन्या कॉलबद्दल सांगायला सुरुवात केली. पण आता ते सांगणं सारवासारव वाटत होतं, तिला स्वतःलाच. ती मधेच थांबली आणि उठून आली. त्याच महिन्यात तिने हेडफोन परत केला. शेजारच्या खुर्चीतली बाई तिला दारापर्यंत सोडायला आली होती.

त्यानंतर तिने खणातला जुना फोन दुरुस्तीला दिला. तो चार दिवसांनी परत आला. दुरुस्तीवाला म्हणाला की आत पाणी गेलं होतं, मेमरी गेली, काही निघालं नाही. पलंगाशेजारच्या स्टुलावर तो असायचा आणि तिथेच ताईचं पाण्याचं भांडं असायचं. मग मी कंपनीच्या दारात जाऊन उभा राहिलो. मला आत घेईनात. मोजपट्टीबाई स्वतः बाहेर आल्या. फाइलमधली पानं तरी द्या, मी म्हणालो, नुसता मजकूर द्या. त्यांनी मान हलवली. समितीकडे नुसता शेरा आणि चौकटीतली ओळ जाते, आणि लाल शेऱ्याच्या फाइली पंधरा दिवसांत नष्ट करतात, उमेदवाराची माहिती जपून ठेवायची नसते म्हणून. पुसलं म्हणून पोरीची मान कापणारे हे लोक, यांनी स्वतः मात्र पुसून हात धुतले होते. मी त्यांना रस्त्यातच वाटेल ते बोललो. त्या ऐकून घेऊन आत गेल्या.

हे बारकीला सांगायला मी तिच्या घरी गेलो. दुपारचे तीन वाजले असतील. ताईचा पलंग अजून त्याच भिंतीला आहे, त्यावर आता बारकी कपड्यांच्या घड्या ठेवते. तिने मला त्याच्या कडेवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसली. मी सांगितलेलं तिने ऐकून घेतलं. मला वाटलं, आता तरी ही मला दोन थोबाडीत देईल. तिने दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मामा, तू फाइल वाचली होतीस ना?"

"वाचली होती."

"सगळी?"

"एकूण एक. दोनशे चौदाच्या दोनशे चौदा."

तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. ताईच्या शेवटच्या दिवशी तिला कामाला जायला उशीर झाला होता, ती सांगू लागली. फोन स्टुलावर उभा करून तिने बटण दाबलं आणि ती चपला शोधायला बाहेरच्या खोलीत गेली. ताई काय बोलली ते तिने ऐकलंच नाही. रस्त्यात चालता चालता क्लिप टाकून दिली, संध्याकाळी बघू म्हणून. दुपारी शेजाऱ्यांचा फोन आला. त्यानंतर ती क्लिप ऐकायचा तिला कधी धीर झाला नाही. कधीतरी होईल, म्हणून तशीच ठेवली होती. तेव्हा पाहिलेल्या साठ-सत्तर जणांना तिने आता विचारून पाहिलं होतं, कुणालाच आठवत नव्हतं. म्हणजे ते बोलणं अलीकडे वाचलेला मी एकटाच होतो.

"काय म्हणाली होती ती?" बारकीने विचारलं.

मी डोळे मिटले. ते पान मला दिसत होतं. सगळ्यात शेवटचं पान, डाव्या बाजूला ताई, तिच्या खांद्यावर खिडकीचं ऊन. उजवीकडे अडीच ओळी. अडीचच होत्या, शपथेवर सांगतो. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेहमीचंच.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं," मी म्हणालो.

बारकी पुढे झुकली. ताई रोज आपले प्रवासी मोजायची, आणि ही एक प्रवासी तिच्याच पलंगाशी बसून वाट बघत होती. मी पुढची ओळ शोधत राहिलो. गाडी होती का? कुठली? सुटणार होती की रद्द झाली होती? त्या दिवशी कचेरीत चार वाजले होते, त्या पानावर खटकण्याजोगं काही नव्हतं आणि मी सुटकेचा श्वास टाकून शेऱ्याकडे वळलो होतो. ताई मला शेवटचं काहीतरी सांगत होती आणि मी त्यात चौकटीला जागा शोधत होतो. दोनशे चौदा पानांतून एकच वाक्य माझ्या डोळ्यांपुढे येत होतं, लाल रेघांच्या आत, अक्षर न् अक्षर. मी ते घालवायचा प्रयत्न केला. ते जाईना. शेवटी तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"मी तिचा गळा धरेन."

बारकी मागे सरकली. तिने माझ्या हातावर हात ठेवला, लहान मुलाला समजावताना ठेवतात तसा.

"ते माझं वाक्य आहे, मामा," ती म्हणाली. "मी आईचं विचारलं."